लाकडी ठोकळा

मस्केट लांबून पाहिली तर थेट थ्री नॉट थ्री वाटते. तोच जाड लाकडी दस्ता, तोच बोल्ट, नळीच्या तोंडाशी तेच चपटे नाक. पण बोल्ट मागे ओढून आत डोकावले, की जिथे दहा राउंडांचे मॅगझिन असायचे तिथे लाकूड दिसते. साधा, तासून बसवलेला ठोकळा. शिपायाने कमरेच्या पट्ट्यातून एक राउंड काढायचा, ठोकळ्यावर ठेवायचा, बोल्ट पुढे ढकलायचा, बार काढायचा, बोल्ट ओढून रिकामी पुंगळी पाडायची आणि पुन्हा पट्ट्याला हात घालायचा. दहा गोळ्या एकामागून एक झाडणाऱ्या नामांकित बंदुकीची ही मुद्दाम पांगळी केलेली धाकटी बहीण. महाराष्ट्रात पोलिसांच्या खांद्यावर ती अनेक दशके होती.

बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराला विचारले तर तो सांगेल, की त्याच्याकडे येणाऱ्या दुखण्यांत निम्मी दुखणी एकाच जातीची असतात. राउंड वर चढत नाही, चढला तर नळीत शिरत नाही, शिरला तर पुंगळी बाहेर येत नाही. मॅगझिनपासून नळीपर्यंतचे अंतर जेमतेम चार बोटांचे, पण तेवढ्या वाटेत स्प्रिंगा, आकड्या आणि ओठ यांचा मेळ बसला नाही तर अख्खी बंदूक म्हणजे महागडी काठी. ही वाट सुरळीत करण्यात जगभरच्या शस्त्रकारांनी शंभर वर्षे घालवली. आपल्याकडे मात्र पगारी कारागीर बसवून ती सुरळीत वाट बुजवली गेली. मस्केटमधला ठोकळा हा बिघाड नव्हता, तो हुकूम होता.

त्या हुकमाची मुळे शोधायला बंदुकीच्या पोटापेक्षा तिच्या तोंडाकडे जावे लागते, कारण पूर्वी तिला भरवायचे ते तोंडानेच. मराठीत त्या बंदुकीचे नाव आजही जिवंत आहे: ठासणीची बंदूक. आधी दारू ओतायची, वर चिंधी किंवा काथ्या, मग गोळी किंवा छरे, मग गजाने ठासायचे. पेटवायला सुरुवातीला तोडा, नंतर चकमक, नंतर टोपी. सरावलेला माणूस मिनिटाला दोन-तीन बार काढी. पानिपतावर इब्राहिमखानाच्या गारद्यांचा जो दरारा होता तो बंदुकीच्या वेगाचा नव्हता. रांगेने, हुकमासरशी, एका ठेक्यात भरण्याच्या कवायतीचा होता. भरण्याची क्रिया इतकी लांबलचक, की तिची कवायत हीच लढाईची विद्या झाली.

या कवायतीत वेळ वाचवायला दारू आणि गोळी एकाच कागदी पुडीत बांधण्याची युक्ती युरोपात निघाली. तीच पुडी पोर्तुगिजांच्या 'कार्तुशु'वरून मराठीत काडतूस झाली. शिपायाने पुडीचे टोक दाताने फाडायचे, दारू नळीत ओतायची आणि उरलेला कागद गोळीसकट ठासायचा. १८५३ च्या नमुन्याची एन्फिल्ड रायफल आली तेव्हा तिच्या नळीत आटे होते. त्या आट्यांतून गोळी घट्ट बसत जाई, म्हणून पुडीला वंगण फासले जाई. वंगण गाईच्या आणि डुकराच्या चरबीचे असल्याची वार्ता पसरली आणि पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे. मात्र एक बाब फारशी सांगितली जात नाही. सरकारने त्यावर यांत्रिक तोडगा खरोखरच काढला होता. पुडी दाताने न फाडता हाताने फाडावी, वंगण शिपायांनी आपले आपण, हवे तर तुपाचे-मेणाचे करावे, अशी मुभा १८५७ च्या सुरुवातीलाच देण्यात आली. भरण्यातली अडचण सुटली, पण विश्वास सुटला होता तो परत आला नाही. कवायत बदलली म्हणजे जुन्या पुडीत काहीतरी होतेच, असा अर्थ शिपायांनी काढला. तो काही अगदीच अडाणी तर्क म्हणता येत नाही.

वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने त्याच वर्षी उत्तरेकडे निघाले आणि महूच्या वाटेवर काडतुसांची हकिकत त्यांना शिपायांच्याच तोंडून ऐकायला मिळाली. 'माझा प्रवास' १९०७ साली छापले गेले तेव्हा मराठी वाचकाला कळले, की आपल्या कोकणातला एक भिक्षुक या वणव्याच्या ठिणगीपाशीच उभा होता. इकडे ३१ जुलै १८५७ ला कोल्हापुरात २७ व्या मुंबई पलटणीनेही बंड केले. मुंबई इलाखा शांत राहिला, असे सरसकट म्हणण्याची सवय आहे. कोल्हापूरकरांना ते पटणार नाही.

बंड मोडल्यावर इंग्रजांनी धडा घेतला तो शस्त्रांचा. तोफखाना, डोंगरी बॅटऱ्यांसारखे थोडे अपवाद सोडून, हिंदी हातांतून काढून घेतला. हिंदी पायदळाला मुद्दाम आटे नसलेल्या, गुळगुळीत नळीच्या बंदुका दिल्या. दिसायला एन्फिल्डच, पण आटे नाहीत म्हणून गोळी लांबवर नेमकी जात नाही. त्यापुढे एक अलिखित नियमच पडला: गोऱ्या पलटणीला नवी बंदूक मिळाली की तिची जुनी बंदूक काळ्या पलटणीला. शिपाई एक पिढी मागे राहिला पाहिजे.

हा नियम रणांगणावर किती महाग पडतो ते २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात, मैवंदच्या मैदानावर दिसले. जनरल बरोज यांच्या ब्रिगेडमध्ये गोऱ्यांची ६६ वी पलटण होती आणि तिच्याकडे मार्टिनी-हेन्री. शेजारी उभ्या पहिल्या मुंबई ग्रेनेडियर्स आणि तिसाव्या जेकब्ज रायफल्स यांच्याकडे मात्र स्नायडर, म्हणजे जुन्या ठासणीच्या एन्फिल्डलाच मागून झडप लावून केलेली तडजोड. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सची एक तुकडीही त्या दिवशी तिथे होती. दिवस मावळेपर्यंत ब्रिगेडचे नऊशेंहून अधिक लोक पडले. पराभवाला कारणे पुष्कळ होती: तोफा कमी, पाणी नाही, शत्रू कितीतरी पट. सगळा दोष स्नायडरच्या माथी मारणे खोटे ठरेल. पण एकाच रांगेत दोन पिढ्यांच्या बंदुका उभ्या करणाऱ्याला नंतर तक्रार करायला तोंड राहत नाही.

गोऱ्यांच्या मार्टिनी-हेन्रीचेही सगळे ठीक होते असे नाही. या बंदुकीला बोल्ट नाही, मॅगझिन नाही. दस्त्याखाली एक लांब लोखंडी दांडी. ती खाली ओढली की नळीमागचा ठोकळा झुकतो, पुंगळी बाहेर फेकली जाते. वरून नवे काडतूस सरकवायचे आणि दांडी वर दाबायची. घोडा वेगळा चढवावा लागत नाही. हात बसला की मिनिटाला बारा बार. गोम होती ती काडतुसात. त्याची पुंगळी एकसंध पितळेची नव्हती. पितळेचा पातळ पत्रा गुंडाळून तिला लोखंडी बूड लावलेले. नळी तापली, दारूची काजळी बसली, वरून वाळू आली, की पत्रा आतल्या आत फुगून चिकटे. दांडी ओढली तर बूड तुटून हातात आणि उरलेली गुंडाळी नळीतच. १७ जानेवारी १८८५ ला सुदानात अबू क्ली येथे हे इतक्या वेळा घडले, की इंग्लंडात त्यावरून गदारोळ झाला.

उपाय दोन झाले आणि दोन्ही शिकण्यासारखे आहेत. एक, पुंगळी एकाच पितळी तुकड्यातून ओढून काढलेली, सांधा नसलेली. दोन, मार्टिनीच्या पुढच्या नमुन्यात दांडी लांब केली. लांब दांडी म्हणजे जास्त जोर; विहिरीच्या रहाटाला लांब दांडा का लावतात ते कळणाऱ्याला हेही कळेल. अडकलेल्या पुंगळीचे दुखणे बहुतेक वेळा बंदुकीत नसते, काडतुसात असते, हे सैन्याच्या कारखान्यांना तिथपासून पक्के समजले.

दांडीच्या बंदुकीचा खरा मुलूख मात्र अमेरिका. १८६० ची हेन्री, १८६६ आणि १८७३ ची विंचेस्टर: चित्रपटातल्या घोडेस्वाराच्या हातात खडाक्‌खट वाजते ती हीच. तिचे मॅगझिन नळीखालच्या दुसऱ्या नळकांड्यात, आत काडतुसे रेल्वेच्या डब्यांसारखी एकामागे एक. मागून स्प्रिंग ढकलते, दांडी खाली नेली की एकच काडतूस एका छोट्या पाळण्यात येते, पाळणा ते वर उचलतो, दांडी परत येताना ते नळीत शिरते. बिघाडाच्या जागाही ठरलेल्या. दांडी घाबरत, अर्धवट मारली तर काडतूस धड नळकांड्यात नाही आणि धड पाळण्यात नाही. एका वेळी एकच सोडणारी अटक झिजली तर दोन काडतुसे एकदम येतात आणि पाळणा मध्येच अडतो. स्प्रिंग थकली तर शेवटची एक-दोन पुढे येतच नाहीत. काडतूस ठरल्यापेक्षा आखूड किंवा लांब असले तरी तेच. म्हणून जाणता कारागीर ही बंदूक खोलायच्या आधी गिऱ्हाइकाला विचारतो, की काडतुसे कुठली आणि दांडी कशी मारता. अर्धे दुखणे तिथेच बरे होते.

सैन्यांनी ही बंदूक फारशी का उचलली नाही? एक तर जमिनीवर पालथे पडून दांडी खाली ओढता येत नाही. दुसरे, नळकांड्यात प्रत्येक गोळीचे नाक पुढच्या काडतुसाच्या बुडावर, नेमके जिथे ठिणगी पडते तिथे टेकलेले असते. चपट्या नाकाची गोळी असली तर ठीक; टोकदार गोळ्यांचे दिवस आले तेव्हा हे नळकांडे म्हणजे कमरेला बांधलेला फटाका झाला असता. शिवाय हिंदुस्थानातल्या सरकारला भराभर गोळ्या झाडणारी बंदूक नेटिवाच्या हाती देण्याची घाई कधीच नव्हती.

मार्टिनीला आणि पुढच्या बंदुकांना काडतूस पुरवणारा एक मोठा कारखाना पुण्याला लागूनच उभा राहिला. खडकीची अॅम्युनिशन फॅक्टरी १८६९ सालची. तिथल्या पुंगळीच्या बुडावर 'केएफ' ही दोन अक्षरे उठतात, खडकीच्या कारखान्याच्या जुन्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे. जगभरचे जुन्या काडतुसांचे संग्राहक ती ओळखतात, कधी कौतुकाने, कधी कपाळाला आठ्या घालून.    

काडतुसे फक्त सैन्याला लागत नसत, शिकाऱ्यांनाही लागत. मुंबईच्या साष्टी बेटावरच्या डोंगरांत विहार आणि तुळशी हे तलाव. १८६० च्या सुमारास विहारचे पाणी मुंबईला मिळू लागले आणि तलावाभोवती राखलेल्या रानात शिकाऱ्यांना आयतीच जागा झाली. साष्टीत तेव्हा वाघ होते. विहारजवळ वाघ मारल्याची शेवटची ठळक नोंद १९२९ ची. हल्ली या बाजूच्या वस्तीत उतरतो तो बिबट्या, आणि त्याच्यावर रोखली जाते ती वनखात्याची भुलीची बंदूक. तीही एका वेळी एकच सुई सोडते, पण तिथे त्याबद्दल कुणाची तक्रार नाही.

शिकाऱ्यांच्या दुनियेतही सरकारची नजर बंदुकीपेक्षा काडतुसावर जास्त होती. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय बंदूक बाळगणे गुन्हा ठरलेच होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारने .४५० व्यासाच्या काडतुसांची आयातच बंद केली. कारण असे, की सरहद्दीवर बंडखोरांच्या हाती मार्टिनी-हेन्री पडलेल्या होत्या आणि त्यांना चालेल असा कोणताही माल देशात यायला नको होता. लंडनच्या बंदूकवाल्यांची हिंदुस्थानातली गिऱ्हाइके, म्हणजे राजे-महाराजे आणि वाघामागे हिंडणारे साहेब, एका रात्रीत अडचणीत आली. त्यावर बंदूकवाल्यांनी .४७०, .४६५, .४७५ अशी नवी मापे काढली. हत्तीच्या शिकारीची म्हणून पुढे आफ्रिकेत गाजलेली ही काडतुसे जन्मली ती हिंदुस्थान सरकारच्या एका मनाईतून.

आता ली-एन्फिल्डकडे, म्हणजे त्याच थ्री नॉट थ्रीकडे वळू. बोल्टच्या या बंदुकीचे पूर्वज ली-मेटफर्ड १८८८ ला आले. आधी आठ, मग दहा राउंडांचे मॅगझिन. पण इथे एक गंमत आहे आणि ती सांगितली नाही तर सगळा दोष रंगभेदावर ढकलल्यासारखे होईल. सुरुवातीच्या ली बंदुकांत मॅगझिनवर एक सरकती पट्टी असे. ती आत ढकलली की मॅगझिन झाकले जाई आणि गोऱ्या सोजिरालाही एकेक राउंड हाताने भरावा लागे. दहा राउंड आणीबाणीसाठी राखीव. सेनापतींची खात्री होती, की शिपाई काळा असो वा गोरा, मॅगझिन मोकळे दिले तर गोळ्या उधळतो. पहिल्या महायुद्धाच्या चिखलात ही खात्री वाहून गेली आणि १९१६ च्या नमुन्यातून पट्टी काढून टाकण्यात आली. गोऱ्या सैन्याचा ठोकळा निघाला. तसाच ठोकळा पुढच्या काही वर्षांत हिंदी पोलिसाच्या बंदुकीत ठोकला गेला.

ली-एन्फिल्डच्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते. वरच्या राउंडची कड खालच्याच्या मागे अडकली तर वरचा पुढे सरकूच शकत नाही. बोल्ट मध्येच थांबतो. म्हणून पाच राउंडांच्या पट्टीत कडा एकाआड एक वरखाली रचायच्या असतात. मॅगझिनचे पत्र्याचे ओठ जरा वाकले तरी हेच होते. १९१५ ला ईप्रला कॅनडाच्या सैनिकांनी आपल्या रॉस रायफली अडकतात म्हणून टाकून दिल्या आणि मेलेल्यांच्या ली-एन्फिल्ड उचलल्या. त्या मानाने ही बंदूक सोशिक होती.

हिंदी सैन्याला महायुद्धाने एकदाची बरोबरीची बंदूक दिली. १९१४ च्या शरदात हिंदी डिव्हिजन मार्सेलिसच्या धक्क्यावर उतरल्या तेव्हा त्यांच्याकडच्या रायफली नव्या काडतुसाला जुळत नव्हत्या. त्या तिथेच जमा करून नव्या दिल्या गेल्या. हातात बसायला वेळ नाही, ओळख नाही, आणि महिन्याभरात खंदक. २८ ऑक्टोबरला न्यू शापेलच्या गल्ल्यांत घुसलेल्या दोन सॅपर्स कंपन्या, २० वी आणि २१ वी, खडकीच्या होत्या. त्यांचे जवळजवळ सगळे अधिकारी त्या दिवसात पडले किंवा जखमी झाले. मेसोपोटेमियात ११० वी आणि १०३ री मराठा पलटण वाळूत लढली आणि एप्रिल १९१६ अखेर कूटला शरण गेली. तिथे त्यांना बंदुकीने दगा दिला नाही, पोटाला अन्न पोचले नाही.

युद्ध संपले. लाखो ली-एन्फिल्ड झिजून परत आल्या. त्यांचे काय करायचे? हुगळीकाठच्या इछापूर रायफल फॅक्टरीत जुन्या बंदुका घेऊन त्यांची नळी आतून कोरून आटे घालवले, व्यास .४१० केला आणि मॅगझिनच्या जागी लाकूड ठोकले. काडतूस तर आणखी विचारपूर्वक केलेले. .३०३ चीच पुंगळी, पण गळ्याशी निमुळती न करता सरळ ठेवलेली. त्यामुळे दुकानात मिळणारे .४१० चे छऱ्याचे काडतूस या बंदुकीत बसत नाही. बंदूक पळवली तरी तिला खायला घालायला काही नाही. एका बंदुकीवर तीन कुलपे: आटे नाहीत, मॅगझिन नाही, बाजारात काडतूस नाही. पोलिसाच्या हाती शस्त्र द्यायचे, पण तो उलटलाच तर ते निरुपयोगी ठरले पाहिजे, हा सगळा हिशेब त्यात आहे. यंत्रशाळेत इतका स्पष्ट राजकीय विचार क्वचितच कोरला गेला असेल.

याच सरकारचे दुसरे टोक पाहायचे तर रायगड जिल्ह्यातल्या माणगावला जावे. तिथे नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. १० जुलै १९४४, इटलीतले टायबर नदीचे वरचे खोरे, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण. त्यांच्या सेक्शनवर मशीनगनचा मारा झाला आणि घाडगे सोडून सगळे पडले. ते एकटेच धावत गेले. हातबॉम्ब टाकून मशीनगन आणि ती चालवणारा उडवला, टॉमीगनने आणखी एकाला टिपले. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. त्यांनी टॉमीगन नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने मारले. शेजारून गोळी लागून ते पडले. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. त्यांच्या प्रशस्तिपत्रात 'मॅगझिन बदलायला वेळ नाही' हा तपशील मुद्दाम नोंदलेला आहे. ज्या सरकारने माणगावच्या तरुणाला इटलीत टॉमीगन दिली, त्याच सरकारच्या पोलिसाला मायदेशी एकेका राउंडच्या मस्केटवर भागवावे लागे. घाडग्यांचे मॅगझिन रिकामे झाले ते लढता लढता. पोलिसाचे आधीच बुजवलेले होते.

स्वातंत्र्य आले आणि ठोकळा राहिला. त्याला कारण दुष्टावा नव्हे, सवय आणि काटकसर. मस्केट मोडत नाही, जमावावर छऱ्याचा एखादा बार पुरतो, कोठारात माल पडून आहे, मग बदला कशाला? नागरिकांसाठीही जुनीच रीत राहिली. .३०३ हे माप सैन्याचे म्हणून सामान्य परवानाधारकाला बंद, त्याला इछापूरची .३१५ ची स्पोर्टिंग रायफल, जिचा बोल्ट ली-एन्फिल्डच्याच घराण्यातला. बारा बोअरची 'शक्तिमान' काडतुसे खडकीची. म्हणजे बंदुकीला काय भरवायचे आणि किती, हे ठरवणारा हात बदलला, पण ठरवण्याची पद्धत फारशी बदलली नाही.

मग २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र. छत्रपती शिवाजी टर्मिनसमध्ये दोन हल्लेखोर, दोघांकडे एके-४७, एका मॅगझिनला तीस राउंड. समोरच्या पोलिसांकडे लाठ्या, काही रिव्हॉल्व्हर, थ्री नॉट थ्री आणि काही ठिकाणी तीच मस्केट. बंदुकांच्या जुनाटपणावर नंतर पुष्कळ लिहिले गेले. पण राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांच्या समितीच्या अहवालातली अधिक बोचणारी गोष्ट दुसरीच होती: काडतुसांच्या तुटवड्यामुळे पोलिसांचा गोळीबाराचा सरावच बराच काळ झालेला नव्हता. थ्री नॉट थ्री ही वाईट बंदूक नाही. सरावलेला सैनिक तिने मिनिटाला पंधरा नेमके बार काढी. पण ज्या हातांना वर्षभरात राउंडच मिळाले नाहीत त्यांच्यासाठी मॅगझिन मोकळे असले काय आणि बुजवलेले असले काय. त्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हाती तर लाठीच होती. त्यांनी त्या दोन हल्लेखोरांपैकी कसाबच्या एके-४७ ची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर घेतल्या.

त्यानंतर मुंबईच्या पोलिसांच्या हाती नवी शस्त्रे येऊ लागली. उत्तर प्रदेशाने थ्री नॉट थ्रीला २६ जानेवारी २०२० च्या संचलनात समारंभाने निरोप दिला. मस्केटला असा समारंभ कुणी केल्याचे ऐकिवात नाही. तिच्या निरोपाला बोलावणार तरी कोणाला?

कोकणात मात्र त्याहूनही जुनी बंदूक टिकून आहे. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका आजही घराघरांत आहेत. भात तयार झाले की रानडुकरे उतरतात, माकडे नारळ-काजूची नासाडी करतात, गवे शेत तुडवतात. मग माळ्यावरची बंदूक खाली येते, दारू भरली जाते, गजाने ठासली जाते. एक बार काढला की दुसरा भरेपर्यंत डुक्कर शेजारच्या गावात पोचलेले असते, पण आवाज तरी होतो. निवडणूक जाहीर झाली, की या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचा हुकूम निघतो आणि पीक ऐन भरात असेल तर गावोगाव कुरकुर सुरू होते. ज्या बंदुकीला भरायला मिनिट लागते तिच्याने निवडणुकीत काय गडबड होणार, असे एखादा म्हातारा ठाण्याच्या पायरीवर बसून विचारतो. त्याला पावती मिळते, उत्तर मिळत नाही.

आणि मस्केटचे काय झाले? सरकारने काढून टाकलेल्या इछापूरच्या पुष्कळ मस्केटी समुद्र ओलांडून अमेरिकेच्या जुन्या शस्त्रांच्या बाजारात गेल्या. तिथे हौशी लोक त्या स्वस्तात घेतात. सरळ पुंगळीचे ते खास काडतूस तिकडेही मिळत नाही, म्हणून आधी नळीमागचे घर रीमरने मोठे करतात, म्हणजे दुकानातले .४१० चे छऱ्याचे काडतूस बसते. मग मॅगझिनची पाळी. लाकडी ठोकळा उचकटून तिथे .३०३ चे जुने मॅगझिन बसवतात, त्याचे ओठ पक्कडीने थोडे थोडे वाकवतात, बोल्ट मागेपुढे करतात, काडतूस कुठे अडते ते पाहतात, पुन्हा वाकवतात. सरळ पुंगळी निमुळत्या पुंगळीच्या वाटेने सहजी जात नाही. कधी तिचे तोंड नळीच्या कडेवर आपटते, कधी कड मागच्या कडेत अडकते. जे जमवायला एखाद्याचे दोन-तीन रविवार जातात, ते मोडायला इछापूरला एक लाकडाचा तुकडा पुरला होता. उचकटलेला तो तुकडा कुणी आठवण म्हणून ठेवतो, बहुतेक जण फेकून देतात.